दिव्याभोवतीचं कडं

मंगळवार, ७

पट्टी काढली. पहिलं दिसलं ते डॉक्टरबाईंच्या खोलीतलं बेसिन. इतकं पांढरं बेसिन मी जन्मात पाहिलेलं नाही. तसं म्हणालो तर त्या हसल्या. "काका, बेसिन जुनंच आहे. तुमचा डोळा नवा आहे."

बाहेर बाकावर ही बसली होती. तिच्याकडे बघतच राहिलो.

"काय झालं?"

"तुझ्या कपाळावर एवढ्या आठ्या कधी आल्या?"

"तुमच्या घरात आल्यावर."

मोठ्या अक्षरात लिहितोय, एक ओळ सोडून एक. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. लिहायचं नाही असं कुणी म्हटलेलं नाही.

डावा डोळा लहानपणापासून नावालाच आहे. उजेड-अंधार कळतो, बाकी धुकं. म्हणजे आजवर जे काही पाहिलं — नाटकं, मुलगी, ही, अंगावर आलेली कुत्री — ते सगळं या उजव्या डोळ्यानं. त्यात मोतीबिंदू झाला तरी दोन वर्षं ऑपरेशन टाळलं ते याचसाठी. असलेल्या एकुलत्या एका डोळ्यात कुणाला तरी सुरी घालू द्यायची, हे मनाला पटेना. शेवटी हीच हात धुऊन मागे लागली. "परवा चहात मीठ घातलंत, ते मी प्यायले. उद्या जिना समजून खिडकी ओलांडलीत तर मी काय करू?"

डॉक्टरबाई शेवटी बराच वेळ काही सांगत होत्या. डोळ्याचं प्रेशर किंचित जास्त आहे, पहिल्या दिवशी एवढं चालतं. पण अमुक झालं तर लगेच या, तमुक दिसलं तर फोन करा. मी हो हो करत होतो. लक्ष त्यांच्या खिडकीच्या पडद्यावर होतं. काय हिरवा रंग होता तो! ही तेव्हा औषधांच्या खिडकीवर उभी होती.

बुधवार, ८

थेंब दोन प्रकारचे. एक जंतू होऊ नयेत म्हणून, दुसरा सूज उतरायला. ही जन्मभर शाळेत भूगोल शिकवत आली. सकाळी उठलो तेव्हा फ्रिजवर वेळापत्रक लागलेलं होतं.

पहिला थेंब गालावर. दुसरा कानात.

"हलू नका."

"मी हलत नाहीये. तू लांबून नेम धरतेस."

"डोळा उघडा ठेवा."

"उघडाच आहे."

"याला उघडा म्हणतात? बंद दुकान बरं."

तिसरा बरोबर पडला. बऱ्याच वर्षांत आम्ही एकमेकांकडे इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. हिच्या डाव्या भुवईत एकच पांढरा केस आहे, ताठ उभा. सांगितलं नाही.

शुक्रवार, १०

मुलगी तालमीहून थेट इकडे आली. दोन गल्ल्या पलीकडे राहते, पण नाटक बसत असलं की आठवडा आठवडा दिसत नाही. लहानपणापासून माझ्याबरोबर नाट्यगृहात येऊन तिथेच तारा जोडायला शिकली. आता माझ्या हाताखाली रंगमंचावरचे दिवे बघते. हाताखाली म्हणजे कागदावर. खरं तर मीच तिच्या मागे मागे असतो. कंपनीत सगळे तिला 'फ्यूज' म्हणतात, कारण पटकन उडते.

तिला म्हटलं, मागच्या नाटकाचे फोटो दाखव. मोबाइलवर दाखवले. मी चक्रावलोच. दिवाणखान्यातला प्रवेश, भर दुपार, आणि माणसं अशी निळीजांभळी की बर्फाच्या कारखान्यातून काढून आणल्यासारखी.

"हे फोटोत असं आलंय ना?"

ही स्वयंपाकघरात गेली. नको तेव्हा हिला बरोबर काम आठवतं.

"बाबा, तसंच होतं ते."

मग सगळं बाहेर आलं. मोतीबिंदूनं मला सगळं पिवळट दिसायचं. तो पिवळेपणा मारायला मी दिव्यांपुढे निळे कागद चढवत गेलो. एक, मग दोन. मला ते स्वच्छ ऊन वाटायचं. बाकी सगळे गारठत होते. दिग्दर्शकाला कळत होतं, नटांना कळत होतं. रंगभूषावाला गुपचूप सगळ्यांचे गाल जास्त लाल करायचा, भरपाई म्हणून!

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"दिग्दर्शक म्हणाले, त्यांचा डोळा आपोआप होईल बरा. तोवर आपण लाली वाढवू."

आधी राग आला. जेवताना हसू आलं. आता झोपायच्या आधी वाटतंय, दोन वर्षं एवढी माणसं माझ्यासाठी गाल रंगवून उभी राहिली.

रविवार, १२

दिवसभर गॅलरीत. समोरच्या इमारतीच्या विटा मोजता येतील इतक्या स्पष्ट. मोजल्या नाहीत.

बुधवार, १५

हिनं तासभर तालमीला जायची परवानगी दिली. काळा चष्मा घालायचा, शिडीला हात लावायचा नाही, कुणावर ओरडायचं नाही. शेवटची अट डॉक्टरबाईंची नाही, हिची स्वतःची.

नवं नाटक दोन माणसांचं आहे. स्टेशनवरची खोली, एक बाक, एक खिडकी. रात्रभर दोघं बोलतात आणि शेवटी खिडकीतून उजाडतं. ती पहाट माझ्याकडे आहे. आतापर्यंत पहाटा पुष्कळ केल्या, पण या पहाटेसाठी मी गेला महिनाभर मनात तयारी करतोय. पंचवीस तारखेला पहिला प्रयोग.

रंगभूषावाला भेटला. त्याच्या गालावर मी मुद्दाम बोट फिरवून पाहिलं. तो समजला. दोघंही हसलो.

शुक्रवार, १७

आज जे पाहिलं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

दुपारी तालमीला बसलो होतो. मुलीनं वरचे दिवे एकेक करून लावले आणि प्रत्येक दिव्याभोवती कडं! आत जांभळं, मग निळं, हिरवं, पिवळं, सगळ्यात बाहेर तांबडं. पूर्ण गोल, काठ मऊ. आजवर मी धूर सोडून पाहिला, भिंगाला तेल लावून पाहिलं, जाळीचं कापड ताणून पाहिलं. असं काही जमलं नाही. आणि इथे फुकटात, साध्या दिव्यांना.

घरी आलो तर स्वयंपाकघरातल्या दिव्यालाही. ही पोळ्या लाटत होती आणि तिच्या डोक्यावर ते रंगीत कडं. मी दारातच उभा राहिलो. "काय बघताय? भूक लागली?" हो म्हटलं.

नव्या भिंगाची करामत असणार. कुणाला सांगितलं नाही. आपल्यापुरतं ठेवावंसं वाटलं.

शनिवार, १८

उजव्या भुवईवर दुखतंय. जुना चष्मा आता बरोबर नाही, म्हणून असेल. कडी आहेतच, कालच्यापेक्षा मोठी. अक्षर जरा पुसट वाटतंय. की पेनच संपत आलंय?

रविवार, १९

डोकं जड. जेवण गेलं नाही. ही म्हणते पित्त. थेंब वेळेवर चालू आहेत.

मंगळवार, २१

कालचं आज लिहितोय. काल लिहिण्यासारखी स्थिती नव्हती.

सकाळी उठलो तो भुवईमागे कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं. बेसिनपाशी जाईपर्यंत उलटी झाली. हिनं आलं-लिंबू दिलं, तेही राहिलं नाही. तेवढ्यात मुलगी आली, तालमीला जाता जाता पहाटेबद्दल विचारायला. मी पलंगावर, डोक्याला रुमाल बांधून.

"पहाट कशी उघडू? खिडकीतून की वरून?"

"ती कडी वापर ना. शुक्रवारी लावली होतीस ती."

"कसली कडी?"

"दिव्यांभोवतीची. तू कसला कागद लावला होतास?"

"कागद नव्हताच. साधे दिवे होते."

"मग आपल्या स्वयंपाकघरातही तसंच..."

इथे मी थांबलो. तिनं छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबा, आत्ता या दिव्याला दिसतंय?"

"हो. मोठं."

तिनं पिशवी खाली ठेवली. "बूट घाला."

"अगं, पित्त झालंय त्यांना, आराम करू दे," ही म्हणाली.

"आई, त्यांचा डोळा बघ जरा."

हिनं रुमाल वर सरकवला. डोळा लालभडक होता म्हणे. हिनं उलटे-सुलटे बूट माझ्या पायात कोंबले आणि माझा दंड धरला तो दवाखान्यात पोचेपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरबाईंनी हनुवटी टेकवायला लावली, डोळ्याजवळ निळा दिवा आणला, दाब मोजला, पुन्हा एकदा मोजला. आमच्या मुलीपेक्षा लहान आहेत, एरवी सारख्या बोलत असतात. काल गप्प झाल्या. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

"शेहेचाळीस," त्या म्हणाल्या.

"चांगलं किती असतं?"

"विसाच्या आत-बाहेर. काका, दिव्याभोवती रंग दिसत होते?"

"तीन-चार दिवस."

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कडी दिसली तर त्याच दिवशी या."

"छान दिसत होती हो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की रागवावं की काय करावं त्यांनाच कळेना.

मग समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत पाणी तयार होत असतं आणि बारीक वाटेनं बाहेर जात असतं. सूज उतरवायच्या थेंबांत स्टेरॉइड असतं, काहींच्या डोळ्यांना ते मानवत नाही. वाट अडते, पाणी साचतं, दाब चढतो. एवढ्या लवकर सहसा होत नाही, पण होतं कुणाकुणाला.

"म्हणजे मोरी तुंबली."

"अगदी तसंच."

"आणि तुंबलेलीच राहिली तर?"

"मागची नस दबते. तिथली नजर गेली की परत येत नाही. म्हणून आज दाब उतरवल्याशिवाय तुम्हाला सोडणार नाही."

हे ऐकताना ही शेजारीच होती. थेंब हिनंच घातले होते, एकही न चुकवता. तिचा चेहरा मला त्या दिवशीच्या बेसिनपेक्षा पांढरा दिसला. डॉक्टरबाई लगेच म्हणाल्या, "काकू, तुम्ही सांगितलं तसंच केलंत. याचा अंदाज आधी कुणालाच नसतो."

शिरेतून औषध, दोन नवे थेंब, एक गोळी. मग बाहेर खुर्चीवर थांबायचं, पुन्हा मोजेपर्यंत. मुलीला हट्टानं तालमीला पाठवलं. कडी आता अख्ख्या बोळात पसरली होती, माणसं येत-जात होती ती धुरातून आल्यासारखी. उजवा डोळा मिटून पाहिला. डाव्यातून फक्त एक करडा उजेड. म्हटलं, बघून ठेवू, उद्या हाच असेल तर.

"घाबरलात?" हिनं विचारलं.

"नाही."

"मी घाबरलेय."

मग मीही सांगितलं, की हो. ती माझा हात हातात घेऊन बसली. समोर दोन बायका आणि एक पोस्टमन बसलेला होता, तरी सोडला नाही. आमच्या लग्नातसुद्धा तिनं असा हात धरला नव्हता.

"नाहीच दिसलं तर मी सांगत जाईन," ती म्हणाली.

"काय सांगशील?"

"जे असेल ते. रस्त्यात खड्डा, ताटात काय, नाटकात कोण आलं."

"रंग?"

"तेवढे तुम्ही मला शिकवा. मला निळ्यातले सगळे निळे सारखेच वाटतात."

"मलाही दोन वर्षं तसंच होतं," म्हणालो. ती हसली, आणि मग पदर डोळ्याला लावला.

पुन्हा मोजलं तेव्हा एकतीस. "उतरतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. भुवईमागचा अंगठा सुटत चालला होता. घरी जाताना मला कडकडून भूक लागली.

बुधवार, २२

दाब आज चोवीस. डॉक्टरबाई खुर्चीत मागे टेकून बसल्या, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. जुने थेंब बंद, त्याऐवजी स्टेरॉइड नसलेले. गोळी अजून चालू. ती घेतल्यापासून बोटांना मुंग्या येतात, सोडा प्यायलो तर पत्रा चाटल्यासारखा लागला, आणि सारखी बाथरूमची वारी. ही म्हणते, "मोरी मोकळी झाली बरं का."

डोळ्यात बाहुली मोठी करणारं औषध घालून मागची नसही पाहिली. नजर वाचलीय. पण नस जरा नाजूक दिसते म्हणाल्या. आता दर काही महिन्यांनी येत राहायचं.

"घरात कुणाला काचबिंदू होता का?"

"आईला शेवटी शेवटी दिसत नव्हतं. म्हातारपण म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं."

"भावंडं? मुलं?"

"एक मुलगी."

"तिला एकदा घेऊन या. हे रक्तातून येऊ शकतं."

मुलीला फोन केला. "नाटक लागू दे, मग येते." मी काही बोलणार त्याच्या आत हिनं फोन घेतला. भूगोलाच्या बाईंचा आवाज काढला. पुढच्या आठवड्याची वेळ ठरली.

गुरुवार, २३

दिव्यांना आता फक्त उजेड आहे. कडी गेली. खोटं कशाला बोलू, जराशी चुकचुक वाटली.

रविवार, २६

काल पहिला प्रयोग झाला.

दिव्यांच्या बोर्डावर मी नाही, मुलगी. डॉक्टरबाईंनी तापलेल्या केबिनमध्ये बसायला मनाई केलीच होती, पण नसती केली तरी मी तिला म्हणणार होतो, तूच कर. तिसऱ्या रांगेत बसलो, ही शेजारी. आयुष्यभर नाटकं पाहिली ती प्रेक्षकांच्या डोक्यांच्या मागून, काचेआडून, हात बटणांवर ठेवून. समोर बसून कधी पाहिलंच नव्हतं. नटांचे डोळे दिसतात समोरून! म्हाताऱ्याच्या भूमिकेतला नट बोलता बोलता कोटाचं बटण पिळत असतो, हे मला शंभर तालमींत कळलं नव्हतं.

गाल कुणाचे लाल नव्हते.

शेवटची पहाट. मी मनात आखली होती ती खिडकीतून एकदम घुसणारी, सोनेरी. प्रेक्षक ओऽ करतील अशी. मुलीनं तसं काही केलं नाही. किती वेळ तर मला वाटलं, विसरली. मग बाकावरच्या बाईचा हात मला दिसू लागलेला होता आणि तो कधीपासून दिसतोय ते कळेना. मग बाकाचा पाय. मग म्हाताऱ्याच्या दाढीचे खुंट. उजाडलं होतं. कुणालाही न कळता उजाडलं होतं, रोज उजाडतं तसं.

ही कानात म्हणाली, "तुम्ही केली असती तर अशी झाली असती का?"

"नाही."

"वाईट वाटलं?"

खरंच विचार करून पाहिला. नाही वाटलं. इतकं हलकं वाटत होतं की टाळ्या वाजवायच्या राहून गेल्या. हिनं कोपरानं ढोसलं तेव्हा वाजवल्या.

आत गेलो. मुलगी घामानं डबडबलेली, केस विस्कटलेले. "जमलं?" म्हणाली.

"मी अशी पहाट नसती केली."

ती उडणार, एवढ्यात म्हटलं, "म्हणून तर जमलं."

दिग्दर्शकानं मला मिठी मारली आणि लगेच मागे सरला. "डोळ्याला लागलं नाही ना?" बिचाऱ्याला वाटलं, डोळा छातीत असतो.

बुधवार, २९

दाब एकोणीस. गोळी बंद. आज चहा चहासारखा लागला.

शुक्रवार, ३१

मुलीला घेऊन गेलो. सारखी घड्याळ बघत होती, संध्याकाळी प्रयोग होता. दुखत काही नाही, दिसतं उत्तम, कडी नाहीत, लाली नाही. मोजलं तर दोन्ही डोळ्यांत तिसाच्या वर. मग यंत्रासमोर बसवून कडेची नजर तपासली. डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूचा एक लहान तुकडा गेलेला आहे, कधी गेला ते तिला ठाऊकच नाही. "हे असंच हळूहळू जातं, न कळता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणखी पाच-सहा वर्षांनी आली असती तर मला फार काही करता आलं नसतं. आता थेंबांवर आटोक्यात राहील." थेंब मात्र रोज. जन्मभर.

एरवी पटकन उडणारी माझी पोर रस्ताभर माझा हात धरून चालली. घरी आल्यावर खुर्चीत बसली आणि मान मागे टाकली. हिनं बाटली माझ्या हातात दिली. पहिला थेंब मी घातला. तिनं डोळा मिटला नाही, माझ्याकडे बघत राहिली.